मिग-२१ गेल्यानंतर २९ स्क्वाड्रन: ४२ चा आकडा कधी गाठणार?

प्रश्न असा आहे: २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि वायुदलाच्या लढाऊ स्क्वाड्रन (साधारण १८ विमानांच्या तुकड्या) २९ वर आल्या. मंजूर संख्या ४२ आहे. १८० देशी तेजस मार्क-१ए ची ऑर्डर दिलेली आहे, ११४ राफेलचा प्रस्ताव पुढे सरकतो आहे. मग ४२ कधी होणार?

या दोन्ही खरेद्या शेवटच्या विमानापर्यंत पूर्ण झाल्या तरी आकडा ३२-३३ च्या पुढे जात नाही. कारण नवी विमानं येत असतानाच जुनी जात राहणार आहेत. हौदात वरून किती पाणी पडतं हे सगळे मोजतात, खालच्या गळतीकडे कुणी बघत नाही. म्हणून आधी गळतीचा हिशोब करू.

आजच्या २९ स्क्वाड्रनची फोड ढोबळमानाने अशी: सुखोई-३० एमकेआय १३, जग्वार ६, मिराज-२००० च्या ३, मिग-२९ च्या ३, राफेल २ (अंबालाची क्रमांक १७ आणि हाशिमाराची क्रमांक १०१), तेजस २ (क्रमांक ४५ आणि १८). एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ एकासनी आणि २ दोन आसनी प्रशिक्षण विमानं, म्हणजे १८. सुखोई मुळातच दोन आसनी असल्याने तिथे ही विभागणी लागू होत नाही.

यातली जग्वार १९७९ पासून आली, मिराज १९८५ पासून, मिग-२९ त्यानंतर दोनेक वर्षांनी. तिन्हींचं आधुनिकीकरण झालं आहे. मिराजच्या ५१ विमानांचा करार २०११ चा, जग्वारला डॅरिन-३ ही दिशादर्शन आणि माऱ्याची नवी यंत्रणा बसली, मिग-२९ चं यूपीजी हे सुधारित रूप झालं. आधुनिकीकरणाने रडार, कॉकपिट, क्षेपणास्त्रं नवी होतात. सांगाड्याचे उडून झालेले तास परत मिळत नाहीत. या १२ स्क्वाड्रन पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार, हे धरूनच चालावं लागतं.

आता गणित मांडू. २९ मधून १२ वजा केल्या की १७ उरतात. तेजस मार्क-१ए ची पहिली ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची: ८३ विमानं, त्यात ७३ लढाऊ आणि १० प्रशिक्षण. दुसरी २५ सप्टेंबर २०२५ ची: ९७ विमानं, ६८ एकासनी आणि २९ दोन आसनी, किंमत कर सोडून ₹६२,३७० कोटी. एकूण १८०. पण एकासनी मोजली तर ती १४१ भरतात. १६ ने भागलं तर नऊ स्क्वाड्रनही पुऱ्या होत नाहीत. १८० ला १८ ने भागलं तर दहा होतात. नऊ ते दहा म्हणू. ११४ राफेलच्या सहा. १७ अधिक १० अधिक ६, झाल्या ३३. आणि हे सगळं वेळेवर झालं, वाटेत एकही विमान पडलं नाही, असं गृहीत धरून.

विमानं पडतात, हेही हिशोबात धरावं लागतं. सुखोईची एकूण खरेदी २७२ ची. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे ₹१३,५०० कोटींचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी कंपनीशी झाला, तो अपघातांत गेलेल्या विमानांची जागा भरायला. म्हणजे हा खर्च ताफा वाढवत नाही, आहे तेवढा ठेवतो. मोठ्या ताफ्याला वीस-पंचवीस वर्षांत अशी तूट पडतेच. म्हणून नियोजन करताना सुरुवातीपासून राखीव विमानं मागायची असतात. ती मागितली की फाइल महाग दिसते, आणि छाटणीत तीच आधी जातात.

आता वेगाकडे वळू. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. वायुदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की वर्षाला ३५ ते ४० नवी लढाऊ विमानं यायला हवीत. तो आकडा हवेतला नाही. जाणाऱ्या १२ स्क्वाड्रन म्हणजे दोनशेच्या वर विमानं. ४२ गाठायला आणखी १३ स्क्वाड्रन, म्हणजे सव्वादोनशेच्या वर. साडेचारशे विमानं बारा वर्षांत बसवायची तर वर्षाला ३७-३८ लागतात.

देशात बनू शकतात किती? एचएएलच्या बंगळुरूतल्या दोन लाइनची क्षमता वर्षाला १६ धरली आहे. तिसरी लाइन नाशिकजवळ ओझरला, वर्षाला ८ ची. तिचं उद्घाटन १७ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि तिथे जुळलेलं पहिलं मार्क-१ए त्याच दिवशी उडालं. ओझरला ही जुनी विद्या आहे. पूर्वी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई तिथेच बनली. नाशिककर आजही त्या भागाला ‘ओझर मिग’ म्हणतात. तिन्ही मिळून २४. पण २४ ही कागदावरची क्षमता आहे. ८३ च्या करारातली पहिली विमानं मार्च २०२४ पर्यंत मिळायची होती, आणि २०२५ संपेपर्यंत एकही मार्क-१ए वायुदलाच्या ताब्यात आलं नव्हतं.

हे का घडलं, ते जरा जवळून बघायला हवं, कारण ‘कारखाना सुस्त आहे’ एवढ्यावर सोडून देण्यासारखं ते नाही. तेजसचे मोठे भाग आज वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात: पंख एल अँड टीकडून, मधला धड-भाग व्हीईएमकडून, मागचा अल्फा टोकोलकडून, पुढचा डायनामॅटिककडून. लाइनवर हे भाग जिगमध्ये (पक्क्या साच्यात) धरून जोडले जातात. मग तारांचे जुडगे, हायड्रॉलिक नळ्या, इंधनटाक्यांची गळती-चाचणी. इथपर्यंतचं काम इंजिनाशिवाय होतं आणि ते झालंही. सांगाडे एकामागे एक तयार होत गेले. त्यानंतर लागतं अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ४०४-आयएन२० इंजिन, टनभर वजनाचं. अशी ९९ इंजिनं ऑगस्ट २०२१ मध्ये मागवली. पण मधल्या वर्षांत ऑर्डर नसल्याने या प्रकाराची उत्पादन लाइन बंद पडलेली होती. ती पुन्हा उभी करायची म्हणजे सुटे भाग पुरवणारे परत जमवायचे, प्रत्येकाची गुणवत्ता नव्याने तपासायची. पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती पडलं, आणि वर्षअखेरपर्यंत आलेली इंजिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

तोवर वापरलेली राखीव इंजिनं बसवून चाचणी-उड्डाणं केली गेली. ते योग्यच होतं, त्यामुळे सॉफ्टवेअर आणि रडारचं काम अडलं नाही. पण वायुदल अशी विमानं ताब्यात घेत नाही. इंजिन बसलं की त्याची इंधनाची, विजेची, नियंत्रणाची जोडणी तपासायची, विमान जागेवर जखडून ग्राउंड रन घ्यायचा, मग धावपट्टीवर वेगाने टॅक्सी, मग कारखान्याच्या वैमानिकाची उड्डाणं, दोष निघाले की दुरुस्ती, आणि शेवटी वायुदलाच्या वैमानिकाची स्वीकृती-उड्डाणं. शिवाय मार्क-१ए म्हणजे मार्क-१ ला नवं रडार चिकटवलेलं विमान नाही. एईएसए रडार (अँटेना न फिरवता शोध घेणारं), नवी इलेक्ट्रॉनिक युद्धयंत्रणा, नवा उड्डाण-नियंत्रण संगणक आणि अस्त्र क्षेपणास्त्र एकमेकांशी नीट बोलायला लागतात. क्षेपणास्त्र डागून ते सिद्ध करावं लागतं. सॉफ्टवेअरची एक ओळ बदलली तरी आधीच्या चाचण्यांपैकी बऱ्याच पुन्हा कराव्या लागतात. उत्पादन आणि प्रमाणीकरण एकाच वेळी चालू ठेवलं की असा खोळंबा होतो. वेळ वाचवायला हा मार्ग निवडला जातो, आणि चाचणीत दोष निघाला की तो बनून उभ्या असलेल्या प्रत्येक विमानात दुरुस्त करत बसावं लागतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ११३ इंजिनांचा करार झाला, पुरवठा २०२७ ते २०३२. ९९ आणि ११३ मिळून २१२; विमानं १८०, प्रत्येकी एक इंजिन. म्हणजे राखीव ३२. एकइंजिनी ताफ्याला हे जेमतेम आहे. तेजसची बातमी वाचताना म्हणूनच ‘किती विमानांचा करार’ यापेक्षा ‘या महिन्यात किती इंजिनं आली’ हे बघा. महिन्याला दोन इंजिनं नियमित आली तर वर्षाला २४ विमानं शक्य आहेत. एक आलं तर १२. लाइन तीन असोत की पाच.

सुखोईचीही तीच कथा, फक्त दुसऱ्या टोकाने. त्याच्या एएल-३१एफपी इंजिनाचं आयुष्य साधारण २००० तास, हजार तासांवर एकदा ओव्हरहॉल. सांगाड्याचं आयुष्य मात्र ६००० तास. म्हणजे एका विमानाच्या हयातीत इंजिनांच्या तीन जोड्या लागतात. २०२४ मध्ये सुमारे ₹२६,००० कोटींचा २४० इंजिनांचा करार झाला तेव्हा ‘नवी विमानं नाहीत आणि इंजिनं कशाला’ असं अनेकांनी विचारलं. उत्तर हे आहे. ओडिशातल्या कोरापुटला ती बनणार, वर्षाला ३०, आठ वर्षं. ही इंजिनं वेळेवर आली नाहीत तर स्क्वाड्रन कागदावर १३ च राहतील, पण हँगरमध्ये इंजिनाविना उभी विमानं वाढतील.

इथे उपलब्धतेचा मुद्दा येतो. वायुदलाच्या माणसाला स्क्वाड्रनच्या संख्येपेक्षा ‘आज सकाळी किती विमानं उडवता येतील’ हे महत्त्वाचं असतं. नुसतं उदाहरण म्हणून घ्या: १८ पैकी ५५ टक्के तयार असतील तर दहा विमानं मिळतात, ७५ टक्के असतील तर साडेतेरा. २९ स्क्वाड्रनवर हा फरक शंभर विमानांचा पडतो, म्हणजे जवळजवळ सहा नव्या स्क्वाड्रनइतका. ३६ राफेलच्या करारात म्हणूनच ७५ टक्के उपलब्धतेची हमी पुरवठादाराकडून लेखी घेतली होती. जुन्या रशियन आणि ब्रिटिश विमानांच्या करारांत अशी हमी नव्हती. तिथे सुटा भाग संपला की मागणीपत्र, निविदा, मंजुरी या चक्रातून जावं लागतं आणि तोवर एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवला जातो. ज्या विमानाचे भाग काढले, ते मग लवकर उभं राहत नाही.

जग्वारबद्दल थोडं सांगतो, कारण सहा स्क्वाड्रनचा भार त्याच्यावर आहे. हे विमान वापरणारं जगात आता एकटं भारतीय वायुदल उरलं आहे. त्याचं अडूर इंजिन आपल्याकडच्या उन्हाळ्यात पूर्ण भार घेऊन उडताना कमी पडतं. हनीवेलचं जास्त ताकदीचं इंजिन बसवायचा विचार बरीच वर्षं चालला आणि खर्च परवडेना म्हणून २०१९ मध्ये सोडून दिला गेला. सुट्या भागांसाठी इतर देशांनी निवृत्त केलेल्या जग्वारचे सांगाडे आणावे लागतात. मिराजसाठीही फ्रान्सची जुनी विमानं याच कामाला घेतली. २०२५ मध्ये मार्च, एप्रिल आणि जुलैत मिळून तीन जग्वार कोसळली. सहा स्क्वाड्रन एकदम उतरवल्या तर आकडा २३ होतो, म्हणून ती ओढत न्यावी लागत आहेत. अशा ताफ्यातली सगळ्यात जुनी विमानं आधी बाहेर काढून त्यांच्या भागांवर डॅरिन-३ ची विमानं नीट सांभाळणं, हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग मला दिसतो.

आता राफेल. माहितीची विनंती, म्हणजे कंपन्यांकडे केलेली पहिली विचारणा, एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ११० विमानांसाठी निघाली होती; तो आकडा पुढे ११४ झाला. त्याआधीची १२६ विमानांची स्पर्धा आठवा: ऑगस्ट २००७ मध्ये निविदा, सहा स्पर्धक, एप्रिल २०११ मध्ये दोघे उरले, जानेवारी २०१२ मध्ये राफेल सगळ्यात कमी बोलीचं ठरलं. मग तीन वर्षं वाटाघाटी आणि २०१५ मध्ये सगळं रद्द. अडलं कुठे? १८ विमानं तयार येणार होती, १०८ एचएएलमध्ये बनणार होती. त्या १०८ च्या गुणवत्तेची आणि वेळेची हमी कोण देणार, आणि भारतात एक विमान जोडायला मनुष्यतास किती धरायचे, यावर एकमत झालं नाही. मनुष्यतास वाढले की किंमत वाढते, आणि किंमत वाढली की ‘सगळ्यात कमी बोली’ हा निकालच डळमळतो. ११४ च्या वेळी हेच दोन मुद्दे पुन्हा समोर येणार. या वेळी एक गोष्ट बरी आहे: राफेलचे धड-भाग हैदराबादला टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स बनवणार, असा करार जून २०२५ मध्ये झाला आहे. महिन्याला दोन पूर्ण धडांपर्यंतची ती क्षमता असेल, म्हणजे पुरवठासाखळीचा एक मोठा तुकडा विमानाच्या करारापूर्वीच इथे उभा राहतो आहे.

वृत्तपत्रांत ‘खरेदीला मंजुरी’ असा मथळा एकाच खरेदीसाठी चार-पाच वेळा येतो, त्यामुळे गोंधळ होतो. संरक्षण खरेदी परिषदेची ‘गरजेची मान्यता’ म्हणजे फक्त ही वस्तू हवी आहे हे मान्य झालं. त्यानंतर प्रस्तावाची विनंती, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, किंमतीच्या वाटाघाटी, आणि शेवटी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची मान्यता. सही झाल्यावर घड्याळ सुरू होतं. ३६ राफेल सरकार-ते-सरकार होती, चाचण्या आधीच झालेल्या होत्या, तरी सप्टेंबर २०१६ च्या सहीनंतर पहिलं विमान ऑक्टोबर २०१९ मध्ये हाती आलं आणि शेवटचं डिसेंबर २०२२ मध्ये. सहा वर्षं, दोन स्क्वाड्रन. देशात बनणारी ११४ त्याहून लवकर होतील असं मानायला आधार नाही.

७.८७ अब्ज युरोला ३६ ने भागून ‘एका विमानाची किंमत’ काढू नका. त्यात मिटिऑर आणि स्काल्प क्षेपणास्त्रं, भारतासाठीचे १३ खास बदल, सिम्युलेटर, सुटे भाग, दोन तळांवरच्या सुविधा आणि देखभालीचा करार आहे. तळांवरच्या सुविधा उभारताना पुढच्या स्क्वाड्रनचाही विचार केलेला आहे. म्हणून त्याच प्रकारची आणखी विमानं घेणं नवा प्रकार आणण्यापेक्षा स्वस्त पडतं. नवा प्रकार म्हणजे नवे जॅक, नव्या चाचणी-यंत्रणा, नवी शस्त्रं, नव्याने शिकलेले तंत्रज्ञ. आपल्याकडे आजच सहा प्रकार आहेत. अमेरिकेच्या एफ-३५ ची किंवा रशियाच्या सुखोई-५७ ची चर्चा निघते तेव्हा हा खर्च कुणी मोजत नाही.

पैशाचंही बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात विमानं आणि इंजिनं यांसाठी तिन्ही दलांना मिळून ₹४८,६१४ कोटी होते. त्याच कॅलेंडर वर्षात ‘प्रचंड’ नावाची १५६ लढाऊ हेलिकॉप्टर (सुमारे ₹६२,७०० कोटी), नौदलाची २६ राफेल (सुमारे ₹६३,००० कोटी) आणि ९७ तेजस (₹६२,३७० कोटी) असे करार झाले. बेरीज ₹१.८८ लाख कोटी. पैसे टप्प्याटप्प्याने जातात हे खरं, पण पुढच्या प्रत्येक वर्षाचा मोठा हिस्सा आधीच झालेल्या करारांत अडकलेला असेल. ११४ राफेल त्याच ताटातून वाढायची आहेत.

३३ ते ४२ मधल्या नऊ स्क्वाड्रन तेजस मार्क-२ (तेजसचं मोठं रूप) आणि एएमसीए (देशात विकसित होत असलेलं पुढच्या पिढीचं लढाऊ विमान) यांनी भरायच्या आहेत. मार्क-२ च्या विकासाला सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, इंजिन जीईचं एफ४१४. एएमसीएच्या पाच नमुना विमानांसाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे ₹१५,००० कोटी मंजूर झाले; उत्पादन २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. मूळ तेजसचं पहिलं उड्डाण जानेवारी २००१ चं आणि पहिली स्क्वाड्रन जुलै २०१६ ची, हे लक्षात ठेवून मी ४२ चं वर्ष २०४० च्या पुढेच धरतो.

एक गोष्ट या चर्चेत कायम मागे पडते. हवेत इंधन भरणारी आयएल-७८ विमानं आपल्याकडे सहा आहेत, २००३-०४ मध्ये घेतलेली. त्यानंतर टँकरची खरेदी दोनदा निविदेपर्यंत जाऊन रद्द झाली. मोठी हवाई टेहळणी विमानं तीन फाल्कन, सोबत दोन छोटी नेत्र. एक टँकर हवेत असला तर तीच सुखोई किंवा राफेल जास्त दूर जाते, जास्त वेळ थांबते, जास्त शस्त्रं घेऊन उडते. संख्या कमी असताना आहे त्या विमानांची ताकद वाढवण्याचा याहून जलद उपाय नाही. पाच-सहा नवे टँकर आणि तितकीच टेहळणी विमानं एका लढाऊ स्क्वाड्रनपेक्षा आधी घ्यावीत, असं मला ठामपणे वाटतं. सहा टँकरपैकी दोन दुरुस्तीला गेले की पूर्व आणि पश्चिम सीमेसाठी मिळून चारच उरतात.